मनगटाने मिटणारी मूठ

मानेला इजा होऊन बोटे निर्जीव झाली, तरी सहावा मज्जाखंड शाबूत असल्यास मनगट वर उचलता येते. मनगट वर उचलले की बोटांच्या कंडरा ताणल्या जाऊन मूठ मिटते. खाली सोडले की उघडते. हाताच्या पुनर्वसनाचा बराचसा इतिहास या साध्या यांत्रिकीवर उभा आहे.

१९४४ मध्ये लुडविग गुटमान यांनी इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिल येथे विभाग उघडला, तोवर असे बहुतेक रुग्ण शय्याव्रणांनी व मूत्रसंसर्गाने दगावत. हाताकडे पाहण्याची उसंत कुणाला? दुसरा धागा आपल्याकडचा. १९४० च्या दशकाअखेर वेल्लोरला पॉल ब्रँड कुष्ठरोगाने लुळ्या झालेल्या बोटांना सशक्त स्नायूची कंडरा वळवून जोडू लागले. १९७० च्या दशकात स्वीडनच्या एरिक मोबर्ग यांनी मज्जारज्जूच्या रुग्णांना अंगठ्याची चिमूट मिळवून दिली.

दिल्लीत वसंत कुंजचे ‘इंडियन स्पायनल इंजुरीज सेंटर’ उभारणारे मेजर अहलुवालिया १९६५ मध्ये एव्हरेस्टवर पोहोचले आणि त्याच वर्षीच्या युद्धात गोळी लागून चाकाच्या खुर्चीला खिळले.

२०२४ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मधील चाचणीत मानेवर त्वचेवरून विद्युत-उत्तेजन आणि जोडीला हाताचे व्यायाम दिल्यावर ६० पैकी ७२ टक्के सहभागींची ताकद व हाताचे कार्य, दोन्ही सुधारले. बातमी मोठीच. पण घरी नातलग मायेने मनगट वर धरून बोटे सरळ ताणत राहिले, तर कंडरा सैल पडतात आणि निसर्गाने राखून ठेवलेली पकडही जाते. बोटे सरळ करायची ती मनगट खाली वाकवूनच.