कमलाबाईंचा बटाटा आणि क्यू-टेनची गोळी

ठाणे स्टेशनच्या पूर्वेला आमची कोपरी. अष्टविनायक चौकाच्या आसपास औषधांची बरीच दुकानं आहेत. त्यांच्या काउंटरवर, दर्शनी भागात, हल्ली एक खोकं हमखास दिसतं. त्यावर ‘कोएन्झाइम क्यू-टेन’ असं नाव असतं आणि पेशींना ऊर्जा, हृदयाला बळ, म्हातारपण लांब अशी आश्वासनं असतात. मी अनेक वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे संध्याकाळी फिरायला भेटणारी ज्येष्ठ मंडळी विचारतात, ‘बाई, ही गोळी घ्यावी का हो?’ पेन्शनीतून दरमहा काही रक्कम बाजूला काढायची आहे, तेव्हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचं उत्तर मी एका मराठी बाईंच्या गोष्टीनं देते.

त्या बाई म्हणजे डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या भगिनी. जन्म १९११ चा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमधून शिकलेले. १९३३ मध्ये कमलाबाई मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला गुणवत्ता यादीत पहिल्या आल्या आणि त्यांनी त्याच संस्थेत अर्ज केला. तेव्हा संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन, नोबेल मिळवलेले. त्यांनी अर्ज नाकारला. कारण एकच, अर्जदार मुलगी होती.

कमलाबाई गप्प बसल्या नाहीत. गांधीजींच्या सत्याग्रहाचा तो काळ. त्यांनी रामन यांच्या कार्यालयापाशीच ठाण मांडलं. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी मानलं जाणार नाही, काम पाहून समाधान झालं तरच मान्यता. एम. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम केलं. वर्ष संपलं, रामन यांचं समाधान झालं आणि पुढे मुलींसाठी त्या संस्थेचं दार उघडलं.

तिथून कमलाबाई केंब्रिजला गेल्या. फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत त्यांना जागा मिळाली. आधी डेरेक रिक्टर आणि नंतर रॉबिन हिल यांच्याबरोबर त्यांनी काम केलं. प्रश्न होता श्वसनाचा. आपण नाकानं घेतो त्या श्वासाचा नव्हे, तर पेशीच्या आत अन्न ‘जळतं’ कसं, याचा. केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये कीटकांच्या स्नायूंत आणि यीस्टमध्ये सायटोक्रोम नावाची रंगद्रव्यं दाखवून दिली होती. वनस्पतींचं काय? कमलाबाईंनी बटाटा घेतला आणि त्याच्या पेशींत सायटोक्रोम-सी असल्याचं दाखवून दिलं. चौदा महिन्यांत काम पुरं करून त्यांनी प्रबंध दिला, तो अवघा ४० टंकलिखित पानांचा. १९३९ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली.

आता बटाट्याचा आणि आपल्या गोळीचा संबंध काय? तो समजायला लोकल डोळ्यांसमोर आणा. सकाळची वेळ, डबा खच्चून भरलेला. आत अडकलेल्या माणसाची पिशवी दारातल्या मित्राकडे जायची आहे. तो स्वतः हलू शकत नाही, पण पिशवी हातोहात पुढे सरकत दारापर्यंत पोचते. पेशीत असंच होतं. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यावर एका वाहकाकडून दुसऱ्याकडे दिले जातात. दारात उभा असतो ऑक्सिजन. तो ते घेतो आणि पाणी तयार होतं. या हातोहात प्रवासात थोडी थोडी ऊर्जा सुटते आणि तिच्यावर एटीपी हा रेणू तयार होतो. बोट हलवायचं असो की हृदयाचा ठोका पडायचा असो, पेशी हेच चलन खर्च करते.

या रांगेत बहुतेक वाहक एका जागी रोवलेले असतात. दोन मात्र फिरते. एक कोएन्झाइम क्यू, आणि त्याच्या पुढच्या टप्प्यावर सायटोक्रोम-सी. कमलाबाईंना बटाट्यात सापडलं ते हेच. कोएन्झाइम क्यूचा शोध त्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी लागला. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात फ्रेडरिक क्रेन यांनी ते बैलाच्या हृदयातून वेगळं केलं, आणि १९५८ मध्ये कार्ल फोकर्स यांच्या गटानं त्याची रचना निश्चित केली. इलेक्ट्रॉनांच्या या प्रवासातून एटीपी नेमकं कसं बनतं, हे उलगडल्याबद्दल पीटर मिचेल यांना १९७८ चं नोबेल मिळालं. बटाटा, बैल आणि माणूस यांच्या पेशींतली यंत्रणा मुळात एकच, ही मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

म्हणजे गोळीमागचं शास्त्र खोटं नाही. क्यू-टेन नसेल तर पेशीची रांग खुंटेल. वयाबरोबर हृदयासारख्या अवयवांतलं त्याचं प्रमाण घटतं, हेही खरं. कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन औषधं रक्तातलं क्यू-टेन कमी करतात, कारण शरीर दोन्ही पदार्थ एकाच वाटेनं बनवतं. पण इथून ‘म्हणून गोळी घेतली की तारुण्य टिकेल’ इथवर उडी मारता येत नाही. मधली पायरी पुराव्याची आहे.

निरोगी माणसाचं शरीर क्यू-टेन स्वतःच बनवतं. थोडं अन्नातून मिळतं. चेंदणी कोळीवाड्यातल्या ताटातले बांगडे-तारली असोत की आपले शेंगदाणे. गोळीच्या मोठ्या चाचण्यांचे निकाल मात्र संमिश्र आहेत. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हृदय अशक्त झालेल्या ४२० रुग्णांना दोन वर्षं रोज ३०० मिलिग्रॅम क्यू-टेन किंवा खोटी गोळी दिली होती. हृदयविकाराच्या गंभीर घटना क्यू-टेन घेणाऱ्यांत १५ टक्के आणि इतरांत २६ टक्के झाल्या. आशा वाढवणारी गोष्ट. त्याच वर्षी कंपवाताच्या ६०० रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. गुण येण्याची चिन्हं नव्हती, म्हणून ती मध्येच थांबवावी लागली होती. निरोगी माणसाचं म्हातारपण या गोळीनं लांबतं, हे अजून सिद्ध झालेलं नाही.

कमलाबाईंचं पुढचं आयुष्य इथे मला मार्गदर्शक वाटतं. स्वदेशी परतल्यावर दिल्लीचं लेडी हार्डिंग कॉलेज, कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा आणि मग मुंबईचं विज्ञान संस्थान असा त्यांचा प्रवास झाला. पेशीच्या त्या सूक्ष्म रांगेपासून त्या गरिबाच्या पोटापर्यंत आल्या. डाळींवर काम केलं, आणि राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून नीरेवर. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायांना तिचा उपयोग होतो, हे त्यांनी दाखवलं. या कामाला राष्ट्रपती पारितोषिक मिळालं. १९६६ मध्ये मुंबईत कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू झाली. कमलाबाई तिचं काम करू लागल्या, १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्षा झाल्या आणि संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकातून ग्राहकांसाठी लिहीत राहिल्या. पेशीतली ऊर्जा शोधणारी ही शास्त्रज्ञ भेसळीची आणि फसव्या मालाची चौकशी करायला कमी लेखत नव्हती. १९९८ मध्ये त्या गेल्या.

तेव्हा फिरायला भेटणाऱ्या मंडळींना माझं उत्तर असं असतं. हृदयाचा विकार असेल, स्टॅटिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारा. वॉरफेरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध घेत असाल, तर न विचारता ही गोळी मुळीच घेऊ नका, कारण ती त्या औषधाचा प्रभाव कमी करू शकते. यातलं काही नसेल, तर त्या पैशातून डाळी, शेंगदाणे, भाज्या आणि परवडत असतील तर मासे घरात येऊ द्या, आणि रोज चाला. चालण्याच्या सवयीनं स्नायूंत नव्या तंतुकणिका तयार होतात. हे पक्कं ठाऊक असलेलं आहे, आणि फुकट आहे.

आणि खोक्यावरच्या आश्वासनांना एक वर्षाची अट घाला. एका हुशार मुलीला केवळ ती मुलगी म्हणून वर्षभर कसोटीवर ठेवणं हा अन्याय होता. तीच अट गोळीला लावणं हा शहाणपणा आहे. कमलाबाईंनी काम दाखवलं आणि मग मान्यता घेतली. गोळीनंही तेवढं करावं.