दार कुणी सजवायचं आणि दारावर नाव कुणाचं

आज सकाळी तुम्ही सगळ्यात आधी काय केलंत? दाराची कडी काढलीत, अंगण झाडलंत, सडा टाकलात, दोन चिमटी रांगोळी घेऊन उंबरठ्यावर रेघ ओढलीत. बहुतेक घरांत हे काम बाईचंच. म्हणून आज आपण आपल्या दाराचा इतिहास बघणार आहोत. राजवाड्याच्या दारांवर पुस्तकं निघतात, आपल्या दाराबद्दल कोण बोलतं? आपणच बोलू.

जुन्या घराचं दर्शन आठवा. आधी अंगण, मग दगडी जोतं, मग ओसरी, मग दार. कोकणात पडवी आणि ओटी, देशावरच्या वाड्यात ढाळज. प्रत्येक जागेचं काम ठरलेलं होतं. अंगणात पाय धुवायला पाणी. चपला ओसरीच्या खाली. ओसरीवर घोंगडी, आल्या-गेल्याला बसायला. भिंतीत दिवळी, तिच्यात संध्याकाळी पणती. खुंटीवर पागोटं, घोंगडी, कासरा. म्हणजे बाहेरची धूळ बाहेर, औताचं सामान हाताशी आणि स्वयंपाकघर आत लांब. आज आपण दाराशी चपलांची मांडणी आणि छत्रीला खुंटी करतो, ती सोय जुन्या घरात आधीच होती.

आता उंबरठा. संस्कृतात उदुंबर म्हणजे उंबराचं झाड, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ उंबरठा. उंबरठा चौकटीचे दोन्ही पाय धरून ठेवतो. पावसाचं पाणी आत येऊ देत नाही. खालच्या फटीतून विंचू, साप शिरायची भीती कमी होते. रांगतं मूल तिथे अडतं. आधी अशी रोजची गरज, आणि तिच्याभोवती मग पूजा, हळद-कुंकू, तोरण आलं.

रांगोळीही जुनी. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यात चित्रांचे प्रकार सांगताना धूलिचित्राचा, म्हणजे रंगीत चूर्णाने काढलेल्या चित्राचा उल्लेख आहे. राजाच्या ग्रंथात ती कला झाली, आपल्या अंगणात मात्र ते ‘बायकांचं रोजचं काम’ राहिलं. आपल्या आज्यांनी शिरगोळा कुटून रांगोळी केली. कोकणात भाताच्या तुसाची पांढरी राख वापरली. ठिपके मोजून, रेघ न तुटू देता काढायचं, हे हिशेबाचं शिक्षण होतं. शाळेत न गेलेली बाई ते करत होती.

आता जरा अवघड गोष्ट बोलूया. हा उंबरठा सगळ्यांना सारखा नव्हता.

नवी नवरी माप ओलांडून आत येते. ताटातल्या तांदळात तिचं नवं नाव अंगठीने लिहितात. सगळे कौतुकाने बघतात. मग ते तांदूळ गोळा होतात आणि नाव पुसलं जातं. दारावरच्या पाटीवर नाव सासऱ्याचं किंवा नवऱ्याचं. जी रोज दार सजवते, तिचं नाव दारावर नाही.

काहींना तर उंबरठ्याच्या अलीकडेच थांबावं लागलं. जात बघून पाणी वरून ओतलं गेलं. ही रीत मोडणारी माणसंही आपल्याच मातीतली. १८५२ सालच्या संक्रांतीला सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात स्त्रियांचा तिळगूळ समारंभ ठेवला. कोणत्याही जातीच्या बाया आल्या तरी एकाच जाजमावर बसवलं जाईल, असं निमंत्रणातच सांगितलं होतं. हळदीकुंकू तेच, तिळगूळ तोच, फक्त बसायची जागा बदलली. पुढे १८६८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुला केला. त्या दोघांनी आपलं दार असं शोभिवंत केलं.

विधवेचंही तसंच. नवरा गेला की तिने दारात तोरण बांधायचं नाही, हळदीकुंकवाला पुढे यायचं नाही. घर तिच्याच कष्टावर चालायचं, आणि सणाला तीच मागे उभी. ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला, की गावात कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या विधवा प्रथा बंद. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. ठराव कागदावर होतो, पण तो पाळला जातो आपल्या दारात. पुढच्या हळदीकुंकवाला शेजारच्या वहिनींना आपण हाक मारतो की नाही, यावर सगळं आहे.

आता पाटीकडे येऊ. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन झालं. गावोगावच्या हजारो शेतकरी बाया उंबरठा ओलांडून तिथे आल्या. १९८९ मध्ये अमरावतीला पुन्हा महिला अधिवेशन भरलं, आणि त्यानंतर शरद जोशी यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम चालवली. नवऱ्याने आपल्या जमिनीतला काही हिस्सा बायकोच्या नावे करायचा, आणि ज्या गावात अशी शंभर किंवा जास्त कुटुंबं निघतील त्या गावाचा सन्मान. घरची लक्ष्मी म्हणता, तर लक्ष्मीच्या नावावर काही आहे का, हा त्यामागचा साधा प्रश्न होता.

पुढे २००३ मध्ये राज्य शासनाने ‘घर दोघांचे’ हे धोरण आणलं. ग्रामपंचायतीच्या दप्तरी घराला नवरा-बायको दोघांची नावं लावायची. काही गावांत दारावरच्या पाट्याही बदलल्या. आधी तिचं नाव, मग त्याचं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. ग्रामपंचायतीचा नमुना ८ ही घरपट्टी आकारण्याची नोंदवही आहे. तिथे नाव लागणं फार उपयोगाचं, पण ते मालकीचा पूर्ण पुरावा नाही. मालकीसाठी खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, वारस नोंद असे कागद लागतात. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी होऊन मिळकत पत्रिका तयार होत आहेत. तुमच्या घराची पत्रिका झाली असेल तर तिच्यावर कुणाचं नाव आहे, ते बघा. घरकुल मिळालं असेल तर मंजुरी कुणाच्या नावे आहे, तेही वाचा. घरकुल बाईच्या किंवा दोघांच्या नावे देण्याकडे योजनेचा कल असतो.

नाव कशाला हवं, असं कुणी म्हणेल. प्रेम आहे ना, मग पुरे. प्रेम असावंच. पण नवरा अचानक गेला, भावकीत वाद झाला, घरात मारझोड झाली, तर ‘चल, नीघ घराबाहेर’ हे शब्द बाईला ऐकावे लागतात. ज्या उंबरठ्यावर तिने वीस-तीस वर्षं रांगोळी काढली, तोच तिला बंद होतो. तेव्हा कागदावरचं नाव कामाला येतं.

तर मैत्रिणींनो, या महिन्यात दारासाठी चार कामं करूया. पहिलं, दाराशी चपलांना एक जागा, छत्री-टोपीला एक खुंटी आणि रात्री पायाखालचं दिसेल असा एक दिवा. दुसरं, बचत गटाच्या बैठकीला येताना घराचा नमुना ८ चा उतारा घेऊन या. ज्यांना वाचता येतं त्यांनी बाकीच्यांना वाचून दाखवा. ज्यांचं नाव नाही त्यांनी घरात बोलून दोघांच्या सहीने ग्रामपंचायतीत अर्ज द्या, आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. तिसरं, पुढच्या सणाला एकल बहिणीच्या हातून तोरण बांधून घ्या. चौथं, दारावर पाटी लावा. पितळेचीच हवी असं नाही. पत्र्याच्या तुकड्यावर लेकीने रंगाने लिहिलेली चालेल, तिच्यावर दोघांची नावं असली म्हणजे झालं.

उद्या सकाळी रांगोळी काढून झाली की मान वर करून दाराकडे एकदा बघा. तिथे आपलं नाव आहे का? नसेल, तर कामाला लागूया.