रोहिणीचा लाल रंग आणि हैदराबादची दुर्बीण

मृग नक्षत्राच्या वर लालसर दिसणाऱ्या ताऱ्याला आपण मराठीत रोहिणी म्हणतो. अरबांनी त्याला 'अद्-दबरान' म्हटले, म्हणजे मागून येणारा. तो सुरय्याच्या, आपल्या कृत्तिकांच्या, मागोमाग उगवतो. युरोपने हेच नाव 'अल्डेबरान' म्हणून स्वीकारले. इ.स. 964 मध्ये अब्दुर्रहमान अस्-सूफी यांनी स्थिर ताऱ्यांवर ग्रंथ लिहिला आणि त्यात ताऱ्यांच्या जागा, तेज व रंग नोंदवले.

या वारशाचा अभिमान जरूर बाळगावा. पण नावे आपली म्हणून विद्या आपली होत नाही. ती टिकवायला वेधशाळा लागते, नोंदवही लागते आणि रात्र रात्र जागणारी माणसे लागतात. याचा एक दाखला सोलापूरच्या शेजारीच आहे.

1901 साली हैदराबादचे नवाब जफर जंग यांनी स्वतःच्या खर्चाने दुर्बीण आणून निजामिया वेधशाळेचा पाया घातला. त्यांच्या मृत्यूनंतर 1908 मध्ये निजाम सरकारने ती ताब्यात घेतली. सोलापूर तेव्हा मुंबई इलाख्यात होते. पण नळदुर्ग आणि तुळजापूर निजामाच्या राज्यात. आकाशाला मात्र सरहद्द नव्हती. साऱ्या जगाने मिळून ताऱ्यांची छायाचित्रे घेण्याचे जे काम वाटून घेतले होते, त्यातला एक पट्टा हैदराबादने पूर्ण केला. पुढे ही वेधशाळा उर्दूतून उच्च शिक्षण देणाऱ्या उस्मानिया विद्यापीठाकडे आली.

याच वेधशाळेतील एका सहायकाचा मुलगा म्हणजे वेणू बाप्पू. हैदराबाद सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते हार्वर्डला गेले. 1957 मध्ये ओलिन विल्सन यांच्यासोबत त्यांनी दाखवून दिले की, थंड ताऱ्यांच्या वर्णपटातील कॅल्शियमच्या एका रेषेची रुंदी मोजली तर तारा मुळात किती तेजस्वी आहे ते कळते. लाल राक्षसी ताऱ्यांचे अंतर काढण्याची ही नवी किल्ली होती.

लाल राक्षसी तारा म्हणजे म्हातारपणाकडे झुकलेला तारा. गाभ्यातील हायड्रोजन संपला की तो फुगतो, त्याचा पृष्ठभाग थंड होतो आणि रंग लाल दिसतो. त्याच्या पोटात मात्र नवी मूलद्रव्ये तयार होत असतात. 1952 मध्ये पॉल मेरिल यांना अशा काही ताऱ्यांत टेक्नेशियम सापडले. हे द्रव्य किरणोत्सारी आहे. त्याच्या सर्वांत टिकाऊ प्रकाराचेही अर्धे आयुष्य सुमारे 42 लाख वर्षेच. तारे तर अब्जावधी वर्षांचे. म्हणजे ते द्रव्य जन्मापासूनचे नव्हे, तिथेच ताजे घडलेले! तारे मूलद्रव्यांचे कारखाने आहेत, याचा हा ठोस पुरावा ठरला.

अशा ताऱ्यात कार्बन ऑक्सिजनपेक्षा जास्त झाला तर भोवती काजळीसारखी धूळ जमते. ऑक्सिजन जास्त असेल तर वाळूच्या जातीची. ही धूळ कधी कधी ताऱ्याला डोळ्यांआड करते, पण ती तापून अवरक्त किरण सोडते. हे किरण 1800 साली विल्यम हर्शेल यांनी लोलक आणि तापमापक वापरून शोधले. 1983 मध्ये 'आयरास' उपग्रहाने अवरक्त किरणांत जवळजवळ सारे आकाश पाहिले, तेव्हा धुळीच्या बुरख्याआडचे असे असंख्य तारे उजेडात आले.

हवेतील बाष्प यांतले बरेच किरण अडवते. म्हणून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हैदराबादहून प्रचंड फुग्यांना एक मीटरची अवरक्त दुर्बीण टांगून आकाशात पाठवली. तिने प्रामुख्याने नवे तारे जन्मतात ते ढग न्याहाळले. म्हाताऱ्या ताऱ्यांनी उधळलेली धूळ अशाच ढगांत मिसळते. हैदराबादहून सुटणाऱ्या फुग्यांची उपकरणे छत्रीने खाली येतात. ती सोलापूरच्या दिशेलाही उतरू शकतात, म्हणून हात न लावता पोलिसांना कळवा, अशी सूचना वर्तमानपत्रांत दिली जाते.

शेतात असे खोके पडले की कुणाला तो बॉम्ब वाटतो, कुणाला करणी. आपल्या मुलांनी त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहावे, हे आपल्या शाळा ठरवणार आहेत. माध्यम उर्दू असो की मराठी, वर्गात लोलक, तापमापक आणि नोंदवही हवी. सूफींचे नाव पाठ करून घेणे सोपे आहे. त्यांच्यासारखे रात्री डोळे वर करून पाहायला आणि पाहिलेले लिहून ठेवायला शिकवणे, हे खरे काम आहे.