पॉइंट टू-टू रायफल (क्रीडा नेमबाजी)

०.२२ इंच, म्हणजे सुमारे ५.६ मिमी व्यासाची गोळी झाडणारी हलक्या दाबाची रायफल. हिच्या काडतुसात स्फोटक मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो आणि घोड्याची पिन त्या कडेवरच आदळते. 'लाँग रायफल' हे काडतूस अमेरिकेत १८८७ मध्ये आले. झटका नगण्य, आवाज कमी, खर्च थोडा. म्हणून नवशिक्याचा हात हिच्यावरच बसतो. बेळगाव-निपाणी भागातल्या एनसीसी छात्रांचीही बंदुकीशी पहिली ओळख बहुधा हीच.

स्पर्धेची रायफल मात्र वेगळ्या जातकुळीची. जड नळी, बोट टेकताच सुटणारा चाप, खांद्याला व गालाला हवा तसा बसवता येणारा दस्ता. गोळी सुमारे ३२५ मीटर प्रतिसेकंद वेगाने, ध्वनीच्या वेगाखालीच राहते आणि त्यामुळे वाटेत डगमगत नाही. ५० मीटरवरचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिमी! प्रत्येक नळीला एखाद्या ठरावीक घाण्याचीच, म्हणजे एकाच वेळी बनवलेल्या संचाचीच, काडतुसे मानवतात. म्हणून जाणकार रायफल शिकंज्यात आवळून वेगवेगळे घाणे झाडून पाहतात, आणि कागदावर सर्वांत दाट भोके पाडणारा घाणा उचलतात. खरी पारख इथेच होते.

निपाणीला लागून असलेल्या कोल्हापूर जिल्ह्याने या प्रकाराला मोठे नेमबाज दिले. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्यूनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (पालथे पडून नेमबाजी) विश्वविजेती ठरली. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघा टेकून, पालथे पडून व उभे राहून नेमबाजी) ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. या प्रकारातले भारताचे ते पहिलेच ऑलिंपिक पदक.