सहा कलावंत, सहा वाटा : १९४९ चे एक गटप्रदर्शन आणि वऱ्हाडचे हरी गाडे

१/ चित्रप्रदर्शनाला गेले की चित्रांआधी मी दाराशी लावलेला परिचयफलक वाचते. इतिहासाच्या विद्यार्थिनीची खोड म्हणा. मागे यवतमाळात एक छोटे गटप्रदर्शन पाहिले. प्रत्येक चित्रकाराच्या नावाखाली तीन ओळी होत्या: जन्मगाव, पदविका, याआधीची प्रदर्शने. त्या तीन ओळींवरून माणूस कळतो का, या प्रश्नातून आजचा हा धागा सुरू होतो.

२/ उत्तरासाठी आपण एका जुन्या प्रदर्शनाच्या दाराशी जाऊ. तारीख ७ जुलै १९४९. स्थळ मुंबई, रॅम्पार्ट रोवरील बॉम्बे आर्ट सोसायटीचे दालन. उद्घाटक लेखक मुल्कराज आनंद. प्रदर्शन ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’चे. कलावंत सहा: सूझा, रझा, आरा, हुसेन, बाक्रे आणि गाडे.

३/ पहिली काही नावे बहुतेकांनी ऐकलेली असतात. शेवटच्या नावाशी मात्र आपण अडखळतो. हे गाडे कोण? हरी अंबादास गाडे, जन्म १९१७, गाव तळेगाव दशासर. होय, तेच, शंकरपटासाठी प्रसिद्ध असलेले, धामणगाव रेल्वे तालुक्यातले. मोठ्या गाडीसाठी यवतमाळकर ज्या धामणगाव स्थानकावर जातात, त्याच पट्ट्यातले.

४/ आधी थोडा नकाशा पाहू, कारण आजच्या सीमा तेव्हा नव्हत्या. अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ हे वऱ्हाडचे चार जिल्हे. १९०३ पासून वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताला जोडला गेला आणि राजधानी झाली नागपूर. नर्मदाकाठचा मंडला जिल्हाही त्याच प्रांतात होता. म्हणजे तळेगावचे गाडे आणि मंडल्याचे सय्यद हैदर रझा हे त्या काळी एकाच प्रांताचे रहिवासी.

५/ त्यामुळे मुंबईच्या आधुनिक चित्रकलेची कथा केवळ मुंबईची राहत नाही. सहांपैकी दोघे मध्यप्रांत-वऱ्हाडातून आलेले आणि दोघांच्याही वाटेवर नागपूर लागते. आता एकेकाच्या तीन ओळी उलगडून पाहू.

६/ रझा. जन्म १९२२, मंडला जिल्ह्यातील बाबरिया. वडील वनखात्यात नोकरीला, म्हणून बालपण रानात गेले. ककैया येथील शाळेत चंचल मुलाचे चित्त एकाग्र व्हावे म्हणून एका गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याकडे पाहत बसायला सांगितले, ही आठवण रझा आयुष्यभर सांगत. पुढे त्यांची ओळख ठरलेल्या ‘बिंदू’चे मूळ ते तिथेच दाखवीत.

७/ १९३९ ते १९४३ या काळात रझा नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. पुढे जे. जे. साठी प्रांतिक सरकारची शिष्यवृत्ती मिळाली, पण मुंबईला पोहोचेपर्यंत प्रवेश बंद झाले होते. शिष्यवृत्ती गेली. तरीही ते परत फिरले नाहीत. छपाईचे ब्लॉक तयार करणाऱ्या एका स्टुडिओत नोकरी धरली, दिवसा पोटाचे काम आणि उरलेल्या वेळात चित्रे. जे. जे. त प्रवेश त्यानंतर मिळाला. परिचयफलकावर यातले फक्त ‘शिक्षण: जे. जे.’ एवढेच उरते.

८/ गाडे. यांची वाट सर्वांत वेगळी. ते नागपूर विद्यापीठाचे विज्ञानाचे पदवीधर. जबलपूरच्या स्पेन्सर ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी विज्ञान आणि गणित शिकवले. चित्रकला आधी आपली आपण, जलरंगांतील निसर्गचित्रांपासून सुरू झाली. रीतसर पदविका नागपूरच्या कलाशाळेतूनच, पण नंतर.

९/ त्यांच्या निसर्गचित्रांत घरे आणि छपरे सपाट, कोनदार रंगखंडांची होतात. रेषेने बांधण्यापेक्षा रंगाला रंग भिडवून चित्र उभे करण्याकडे त्यांचा ओढा दिसतो. गणिताच्या मास्तरांचे चित्र म्हणून त्यात भूमिती शोधण्याचा मोह होतो. तो आवरावा. व्यवसायावरून कलेचा अर्थ इतक्या सरळ रेषेत काढता येत नाही. पण एवढे नक्की म्हणता येते की कलाशाळेने घडवण्याआधीच त्यांची नजर काम करू लागली होती.

१०/ फ्रान्सिस न्यूटन सूझा. जन्म १९२४, गोव्यातील साळगाव. वडील तान्हेपणीच गेले. आईने मुंबईत शिवणकामावर संसार ओढला. लहानपणी देवी आल्या, मूल वाचले आणि आईने नवसापोटी सेंट फ्रान्सिस झेवियरचे नाव दिले. जे. जे. तून १९४५ मध्ये काढून टाकले, कारण ‘छोडो भारत’ चळवळीतील सहभाग. गटाची कल्पना प्रामुख्याने याच माणसाची.

११/ कृष्णाजी हौळाजी आरा. जन्म १९१४, सिकंदराबादजवळील बोलारम. आई लहानपणी गेली. सातव्या वर्षी घरातून पळून मुंबईला आले. घरगडी म्हणून राबले, पुढे गाड्या धुतल्या. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास भोगला. कलाशाळेची पदविका नाही. त्यांच्या परिचयफलकावर ‘शिक्षण’ या शब्दापुढे काय लिहावे?

१२/ मकबूल फिदा हुसेन. जन्म १९१५, पंढरपूर. आई दीड-दोन वर्षांच्या वयात गेली, बालपण इंदूरला. मुंबईत सिनेमाचे फलक रंगवले, मोबदला चौरस फुटांच्या हिशोबाने. पुढे मुलांची खेळणी आणि लाकडी सामान यांचे आराखडे केले. दुरूनही नजरेत भरावी अशी ठाम रेषा आणि एका हातात आकृती उभी करण्याचा झपाटा ही त्या फलकांच्या पराती-शिड्यांवरची शिदोरी.

१३/ सदानंद बाक्रे. जन्म १९२०, बडोदे. जे. जे. त शिकलेले, आणि सहांतले एकमेव शिल्पकार. पुढे दीर्घकाळ लंडनमध्ये राहिले, परतल्यावर दापोली तालुक्यातील मुरुड-हर्णैला स्थायिक झाले आणि तिथेच २००७ मध्ये वारले. कोकणातल्या त्या गावी सहलीला जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल?

१४/ आता सहाही फलक शेजारी ठेवा. एक गोव्याचा ख्रिस्ती, एक बोहरा कुटुंबातला, एक वनरक्षकाचा मुसलमान मुलगा, एक तेलंगणातून पळून आलेला घरगडी, एक वऱ्हाडी शिक्षक, एक बडोद्याचा मराठी शिल्पकार. कोणी श्रीमंत नाही. घराण्याच्या जोरावर आलेला तर कोणीच नाही. त्यांची शैलीही एक नव्हती. मग त्यांना एकत्र कशाने आणले?

१५/ पहिले कारण, नकार. १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. मध्ये युरोपीय वास्तवदर्शी पद्धतीचा वरचष्मा होता. तिला उत्तर म्हणून उभ्या राहिलेल्या बंगाली शैलीत या तरुणांना गतकाळाची हळवी ओढ दिसे. दोन्ही त्यांना अपुरे वाटत. आशय आणि तंत्र दोन्हींत पूर्ण मोकळीक हवी, हा प्रदर्शनाच्या पत्रिकेतील सूझा यांच्या लेखनाचा गाभा होता.

१६/ दुसरे कारण, काळ. गटाची जुळवाजुळव १९४७ च्या अखेरीची. देश स्वतंत्र झाला होता आणि फाटलाही होता. रझांच्या घरावर ती फाळणी थेट येऊन आदळली. भावंडे पाकिस्तानात गेली. रझा राहिले. १९४७ आणि १९४८ मध्ये आई-वडीलही गेले. ज्या गटाच्या नावात ‘प्रगती’ आहे, त्यातील एक तरुण त्याच दिवसांत आपले घर नाहीसे होताना पाहत होता.

१७/ तिसरे कारण बहुधा सांगितले जात नाही, ते म्हणजे आधार. नाझींच्या काळात युरोप सोडून मुंबईत आलेले तीन जण इथे महत्त्वाचे. चित्रकार वॉल्टर लँगहॅमर टाइम्स ऑफ इंडियात कलासंचालक होते. त्यांच्या घरी तरुण चित्रकार जमत आणि आधुनिक युरोपीय चित्रांच्या छापील प्रती पाहत. रुडी फॉन लायडन वृत्तपत्रातून या तरुणांबद्दल लिहीत. इमॅन्युएल श्लेसिंगर चित्रे विकत घेत.

१८/ दाखवणारा, लिहिणारा आणि घेणारा. या तिघांवाचून हुन्नर खोलीतच राहतो. आरांना प्रोत्साहन देणाऱ्यांत लँगहॅमर आणि लायडन होते; १९४२ मध्ये त्यांचे पहिले एकल प्रदर्शन भरले ते मुंबईतील चेतना रेस्टॉरंटमध्ये. एका घरगड्याची प्रतिभा जगापुढे आली, ती प्रतिभा होती म्हणून, आणि तिला भिंत मिळाली म्हणूनही.

१९/ चौथे कारण, पाहण्याची संधी. लंडनहून परतलेल्या भारतीय कलाकृतींचे मोठे प्रदर्शन १९४८ मध्ये दिल्लीच्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये, म्हणजे आजच्या राष्ट्रपती भवनात भरले. हुसेन ते पाहायला सूझांसोबत गेले. मथुरेची आणि गुप्तकाळातील शिल्पे, लघुचित्रे एकत्र पाहून आपली दिशा बदलली, असे हुसेन पुढे सांगत. त्याच वर्षी काश्मीरमध्ये रझांची छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँशी भेट झाली. चित्रांना रचनेचा कणा हवा, सेझान अभ्यासा, हा त्यांचा सल्ला रझांना पॅरिसकडे घेऊन गेला.

२०/ गट मात्र टिकला नाही. प्रदर्शनाच्याच वर्षी सूझा लंडनला गेले, १९५० मध्ये रझा फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला, १९५१ मध्ये बाक्रे लंडनला. मग वासुदेव गायतोंडे, कृष्ण खन्ना, मोहन सामंत अशी नवी मंडळी आली. यातील गायतोंडेंचा जन्मही नागपूरचा, १९२४ चा. १९५६ मध्ये गट विसर्जित झाला.

२१/ एक रिकामी जागाही नोंदवली पाहिजे. सहाही जण पुरुष होते. कोल्हापूरच्या भानू राजोपाध्ये यांची चित्रे गटासोबत मांडली गेली ती १९५३ मध्ये. जे. जे. च्या सुवर्णपदक विजेत्या भानूताई पुढे वेशभूषेकडे वळल्या आणि ‘गांधी’ चित्रपटासाठी ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. जग त्यांना भानू अथैया म्हणून ओळखते. त्यांच्यातील चित्रकार मात्र फार थोड्यांना माहीत आहे.

२२/ आणि कीर्तीची वाटणी? हुसेन यांचे १९५४ चे ‘ग्रामयात्रा’ मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना गेले. रझा २०१६ मध्ये वारले, दफन मंडल्यालाच, वडिलांच्या कबरीशेजारी. आज त्यांच्या नावाने प्रतिष्ठान आहे. गाडे २००१ मध्ये गेले. त्याच प्रदर्शनातील, त्याच प्रांतातील या चित्रकाराचे नाव आपल्या शाळांमधील रेखाकला परीक्षेला बसणाऱ्या मुलांच्या कानावर सहसा पडत नाही.

२३/ इथे स्वतःलाही एक इशारा द्यायला हवा. गाडे यवतमाळ जिल्ह्याचे नव्हेत आणि ‘आपला माणूस’ म्हणून त्यांच्यावर हक्क सांगायला मी हा धागा लिहिलेला नाही. जन्मगावाचा अभिमान मिरवणे फार सोपे असते. त्या गावातून निघालेल्या मुलाला पुढे कोणती शाळा, कोणती नोकरी, कोणती भिंत मिळाली हे शोधणे कष्टाचे असते, आणि इतिहास या दुसऱ्या कामात आहे.

२४/ म्हणून पुन्हा यवतमाळच्या त्या फलकांपाशी. चित्रकलेचे तास संपवून रात्री रंगवणारे शिक्षक, दुकानांच्या पाट्या रंगवून हात बसलेले पेंटर, घरचे आवरून कॅनव्हाससमोर बसणाऱ्या गृहिणी आपल्या भोवती आहेत. ‘पार्श्वभूमी’ म्हणून आपण त्यांचे जन्मगाव आणि पदविका नोंदवतो. पाट्या रंगवण्याची वर्षे लाजेकाजेस्तव गाळतो. हुसेन यांच्या बाबतीत तीच वर्षे आज अभ्यासाचा विषय आहेत.

२५/ माझी विनंती साधी आहे. गावात गटप्रदर्शन भरले तर जा. तिथली छापील पत्रिका फेकू नका. मागे तारीख आणि स्थळ लिहून ती जपा. चित्रकाराला विचारा: पहिला रंग कोणी आणून दिला, पहिले चित्र कोणी विकत घेतले, मधली वर्षे कशावर काढली? उत्तरे लिहून ठेवा. १९४९ चे ते प्रदर्शन आपल्याला इतके कळते, कारण कोणीतरी पत्रिका ठेवली, कोणीतरी लिहिले, कोणीतरी विचारले.

२६/ पुढच्या वेळी धामणगावला गाडीची वाट पाहत उभे राहाल, तेव्हा तळेगावच्या दिशेला एकदा पाहा. तिथल्या एका मुलाने विज्ञान शिकवता शिकवता रंग हाती घेतला आणि भारतीय आधुनिक कलेच्या पहिल्या पानावर सही केली. ती सही वाचता येणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.

धागा समाप्त. तुमच्या तालुक्यातील एखादा चित्रकार ठाऊक असेल तर त्याची गोष्ट खाली जरूर जोडा.