केईएम : बोटापासून रिंगपर्यंत

जानेवारी 1926 मध्ये मुंबईत परळला केईएम रुग्णालय सुरू झालं. त्याला जोडलेल्या वैद्यकीय महाविद्यालयासाठी शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी देणगी देताना अट घातली होती, शिकवणारे भारतीयच हवेत. त्याच परंपरेत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी इथे हृदयशस्त्रक्रियेची घडी बसवली, पुढे डॉ. जी. बी. परुळकरांनी ती धुरा सांभाळली. सेन म्हटलं की फेब्रुवारी 1968 चं हृदयरोपण आठवतं. रुग्ण जेमतेम तीन तास जगला, नाव मात्र जगभर झालं.

पळसदरीहून कर्जत आणि तिथून लोकलने परळ गाठणाऱ्या रुग्णाचं काम बहुधा रोपणाचं नसतं, हृदयाच्या झडपेचं असतं. लहानपणी घसा दुखून संधिवाताचा ताप येतो, सांधे बरे होतात, पण झडप बिघडलेली राहते आणि विशी-पंचविशीत धाप लागते.

झडप अरुंद झाली असेल तर धडधडत्या हृदयात बोट घालून ती मोकळी करता येई. लंडनच्या सूटर या सर्जनने ते 1925 मध्येच करून दाखवलं होतं. गळक्या झडपेपुढे बोटाचं काही चालेना. तिच्यासाठी हृदय थांबवून उघडायला हवं, म्हणजे तेवढा वेळ त्याचं काम करणारं हार्ट-लंग मशीन हवं. 1960 मध्ये स्टार-एडवर्ड्सची कृत्रिम झडप आली, पण तिच्याबरोबर रक्त पातळ ठेवण्याची गोळी आणि वरचेवर रक्ततपासणी जन्मभर मागे लागते. प्रयोगशाळा लांब, त्यात बाई गरोदर राहिली तर ती गोळी पोटातल्या बाळालाही घातक. म्हणून मला वाटतं, झडप बदलण्याऐवजी तिच्या दुरुस्तीचं मोल, जिथे ते शास्त्र घडलं त्या पॅरिसपेक्षा आपल्याकडे जास्त आहे.

पॅरिसचे सर्जन कार्पेंतिए यांनी दुरुस्तीचं शास्त्र बसवलं. झडपेच्या सैल झालेल्या घेराला रिंग शिवून तो आवळायचा, पाकळ्या धरून ठेवणाऱ्या तुटलेल्या दोऱ्यांच्या जागी गोरटेक्सचे धागे ओवायचे, आखडलेल्या पाकळीला हृदयाच्याच आवरणाचं ठिगळ लावायचं. मग सिरिंजने डाव्या खालच्या कप्प्यात सलाइन भरायचं. पाकळ्या फुगून एकमेकींना भिडल्या आणि पाणी वर आलं नाही, तर ठीक. हृदय पुन्हा चालू झालं की अन्ननलिकेतल्या सोनोग्राफीने परत बघायचं. गळती उरली असेल तर मशीनवर परत जायचं, नाहीतर झडप बदलायची. गोम अशी की संधिवाताने जाड, कडक झालेली पाकळी दुरुस्तीला सर्वांत नाठाळ. जिथे गरज जास्त, तिथेच काम अवघड.

खर्चाचा भार आता महात्मा फुले जन आरोग्य योजनेमुळे हलका झालाय. पण झडप कितीही सुबक शिवली तरी त्या तापाची उलटून आलेली फेरी ती पुन्हा बिघडवते. त्यामुळे दर 21 दिवसांचं पेनिसिलिनचं इंजेक्शन गावी परतल्यावरही वर्षानुवर्षं चुकवता येत नाही.