मत तेच, मोजणी वेगळी

व्हँकुव्हर शहराच्या पश्चिमेला समुद्रात शिरलेलं एक भूशिर आहे. उत्तरेला इंग्लिश बे, दक्षिणेला फ्रेझर नदीचा फाटा आणि टोकावर ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठ, म्हणजे यूबीसी. विद्यापीठाच्या आसपास कोट्यवधी डॉलरचे बंगले आहेत आणि त्यांच्यापासून थोड्याच अंतरावर भाड्याच्या खोल्यांमध्ये दाटीवाटीनं राहणारे विद्यार्थी. ही सगळी जमीन मुळात मस्क्विअम या आदिवासी समाजाची. इथल्या प्रांतिक मतदारसंघाचं नाव आहे व्हँकुव्हर-पॉइंट ग्रे.

कॅनडात प्रांताच्या सरकारप्रमुखाला प्रीमियर म्हणतात. आपल्याकडचा मुख्यमंत्री समजा. ब्रिटिश कोलंबियाच्या गेल्या काही दशकांतल्या प्रीमियरपैकी तिघं पॉइंट ग्रेचे आमदार होते: गॉर्डन कॅम्पबेल, क्रिस्टी क्लार्क आणि डेव्हिड इबी. देशाची पहिली आणि आजवरची एकमेव महिला पंतप्रधान किम कॅम्पबेल हिचीही विधिमंडळातली सुरुवात इथूनच झाली. त्यामुळे या मतदारसंघाबद्दल लिहिणारे बहुतेक जण बड्या नावांची यादी देतात.

मला मात्र इथला वेगळा भाग जास्त ओढून घेतो. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तिथे रोज दिसणारी एक साधी गोष्ट अशी, की आत जाणारी माहिती तीच ठेवली आणि मधलं फंक्शन बदललं, तर बाहेर येणारं उत्तर बदलतं. लोकांची मतं ही माहिती आणि मोजणीचा नियम हे फंक्शन, असं धरलं तर पॉइंट ग्रेचा इतिहास म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षं चाललेला एक प्रयोग आहे. या एकाच मतदारसंघात मतं मोजण्याच्या तीन पद्धती वापरून झाल्या. आणि नियम बदलणाऱ्यांना जे उत्तर हवं होतं, ते त्यांना क्वचितच मिळालं.

आधी यादी

मोजणीच्या आधी एक पायरी असते: कोणाचं मत मुळात आत घ्यायचं?

पॉइंट ग्रे मतदारसंघातून पहिली निवडणूक झाली १९३३ साली. त्या वेळी व्हँकुव्हरच्या लाकूड गिरण्यांमध्ये अनेक पंजाबी कामगार राबत होते. ते ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन होते, कर भरत होते, पण मतदार यादीत त्यांचं नाव नव्हतं. ब्रिटिश कोलंबियानं १९०७ सालीच कायदा करून भारतीय वंशाच्या लोकांचा मताधिकार काढून घेतला होता. कायद्याच्या भाषेत ते सगळे ‘हिंदू’. प्रत्यक्षात त्यातले बहुतेक शीख होते. चिनी आणि जपानी लोकांना त्याआधीच वगळलेलं होतं, आदिवासींनाही.

यादीत नाव नसणं हे फक्त निवडणुकीच्या दिवसापुरतं नव्हतं. वकिली किंवा फार्मसीसारख्या व्यवसायांत शिरायला मतदार यादीत नाव असावं लागे. म्हणजे एका यादीतून नाव कापलं, की पुढच्या अनेक दारांना आपोआप कुलूप लागायचं. विद्यापीठात शिकता येईल, पण शिकून वकील होता येणार नाही, अशी ती अवस्था.

भारतीय आणि चिनी वंशाच्या लोकांना प्रांतात मताधिकार मिळाला तो १९४७ साली. जपानी वंशाचे लोक आणि आदिवासी यांना आणखी दोन वर्षं थांबावं लागलं. तेव्हा पॉइंट ग्रेच्या पहिल्या काही निवडणुकांचे आकडे बघताना हे ध्यानात ठेवायला हवं, की ती सगळ्यांची मतं नव्हती.

सापळा रचला आणि स्वतःच अडकले

सुरुवातीला पॉइंट ग्रेमधून एकाच वेळी तीन आमदार निवडले जात. प्रत्येक मतदाराला तीन मतं आणि सर्वाधिक मतं मिळवणारे तिघं विजयी. या पद्धतीत एक खोट होती. एखाद्या पक्षाला चाळीस टक्के लोकांचा पाठिंबा असेल आणि बाकीची मतं फुटलेली असतील, तर तो पक्ष तिन्ही जागा घेऊन जाऊ शकतो.

१९४१ पासून प्रांतात लिबरल आणि कॉन्झर्व्हेटिव्ह यांचं आघाडी सरकार होतं. या दोन जुन्या पक्षांना एकत्र बांधणारी मुख्य गोष्ट म्हणजे सीसीएफ या समाजवादी पक्षाची धास्ती. पुढे आघाडीत कुरबुरी वाढल्या आणि वेगवेगळं लढायची वेळ आली. पण वेगळं लढलं तर मतं फुटणार आणि समाजवादी मधून निघून जाणार. यावर तोडगा काढला गेला पसंतीक्रमाच्या मतदानाचा. मतदारानं उमेदवारांपुढे १, २, ३ असे आकडे लिहायचे. कोणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील तर शेवटच्या उमेदवाराला बाद करायचं आणि त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटायच्या. हिशेब सरळ होता: लिबरल मतदार दुसरी पसंती कॉन्झर्व्हेटिव्हला देईल, कॉन्झर्व्हेटिव्ह मतदार लिबरलला, आणि सीसीएफ बाहेर राहील.

पॉइंट ग्रेसारख्या तीन जागांच्या मतदारसंघात प्रत्येक जागेसाठी वेगळी मतपत्रिका ठेवली गेली, प्रत्येकीवर वेगळे उमेदवार.

मतदान झालं १२ जून १९५२ ला. पुढे काय झालं ते समजायला शंभर मतांचं एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा पहिल्या पसंतीत सीसीएफला ३१, सोशल क्रेडिट या नवख्या पक्षाला २७, लिबरलला २४ आणि कॉन्झर्व्हेटिव्हला १८ मतं पडली. कॉन्झर्व्हेटिव्ह बाद. त्याच्या १८ मतांपैकी बहुतेक लिबरलकडे जातील ही सरकारची अपेक्षा. पण समजा ९ गेली सोशल क्रेडिटकडे, ६ लिबरलकडे आणि तिघांनी दुसरी पसंती दिलीच नाही. आता सोशल क्रेडिट ३६, सीसीएफ ३१, लिबरल ३०. लिबरल बाद. त्याच्या मतांतली १६ सोशल क्रेडिटला, ७ सीसीएफला, उरलेली निकालात निघाली. शेवट: सोशल क्रेडिट ५२, सीसीएफ ३८. पहिल्या फेरीत दुसरा असलेला जिंकला.

प्रांतभर साधारण असंच घडलं. आरोग्य विम्याच्या वर्गणीपासून अनेक कारणांनी लोक आघाडी सरकारवर चिडलेले होते. जुन्या पक्षाच्या मतदारानं दुसऱ्या जुन्या पक्षाला जवळ करण्याऐवजी नव्या पक्षाला संधी दिली. इतकंच नाही, तर अनेक सीसीएफ मतदारांनीही दुसरी पसंती सोशल क्रेडिटला दिली. मोजणी काही आठवडे चालली. अखेर ४८ जागांपैकी सोशल क्रेडिट १९, सीसीएफ १८, लिबरल ६, कॉन्झर्व्हेटिव्ह ४ आणि एक मजूर आमदार. पहिल्या पसंतीची सर्वाधिक मतं सीसीएफला होती, पण सत्ता गेली अशा पक्षाकडे ज्याला निवडणुकीच्या वेळी प्रांतातला स्वतःचा नेतासुद्धा नव्हता. निवडून आलेल्यांनी नंतर डब्ल्यू. ए. सी. बेनेट यांना नेता निवडलं. ज्यांनी पद्धत आणली त्या दोन्ही पक्षांचे नेते स्वतःच्या जागाही राखू शकले नाहीत.

टिली रोलस्टन

या गोंधळात पॉइंट ग्रेमधून सोशल क्रेडिटच्या तिकिटावर निवडून आल्या टिली रोलस्टन. त्या १९४१ पासून इथल्याच कॉन्झर्व्हेटिव्ह आमदार होत्या. आघाडीशी बिनसल्यावर बाहेर पडल्या होत्या. बेनेट यांनी त्यांना शिक्षणमंत्री केलं. स्वतंत्र खातं सांभाळणारी कॅनडातली पहिली महिला मंत्री ती हीच.

पण अल्पमतातल्या सरकारात शिक्षण खातं म्हणजे सुळावरची पोळी. शाळांना पैसा कसा द्यायचा याचं नवं सूत्र त्यांनी मांडलं आणि १९५३ च्या मार्चमध्ये त्याच विधेयकावर सरकार विधिमंडळात हरलं. बेनेट यांना हे हवंच होतं असं अनेक अभ्यासक मानतात: पराभव झाला की पुन्हा लोकांसमोर जाता येतं. जूनमध्ये पुन्हा त्याच पसंतीक्रमानं निवडणूक झाली. सोशल क्रेडिटला २८ जागा, म्हणजे स्पष्ट बहुमत मिळालं. पॉइंट ग्रेमध्ये मात्र रोलस्टन पडल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांचं निधन झालं.

बहुमत हाती आल्यावर बेनेट यांनी पहिल्या काही कामांत एक काम उरकलं: ज्या पद्धतीनं ते सत्तेवर आले, तीच रद्द केली. पुढे ते १९७२ पर्यंत, वीस वर्षं, प्रीमियर राहिले.

माणसं तीच, पाट्या वेगळ्या

नंतरची काही वर्षं पॉइंट ग्रे लिबरल पक्षाचा बालेकिल्ला बनू पाहत होता. १९६२ च्या पोटनिवडणुकीत यूबीसीतले मेंदूशास्त्रज्ञ पॅट मॅकगीर निवडून आले. पुढे ते पक्षाचे नेते झाले. १९६६ साली जागा तीनवरून दोनवर आल्या आणि मॅकगीर यांच्या जोडीला गार्ड गार्डम आले. १९७२ मध्ये एनडीपी, म्हणजे सीसीएफचाच पुढचा अवतार, सत्तेवर आला. उजवीकडची मतं फुटल्याचा हा परिणाम आहे हे उघड होतं. मग १९७५ च्या सुमारास मॅकगीर आणि गार्डम दोघंही सोशल क्रेडिटमध्ये गेले. मतदार तेच, उमेदवार तेच, पाटी बदलली.

हा निव्वळ संधिसाधूपणा होता असं म्हणणं सोपं आहे. पण ज्या पद्धतीत सर्वाधिक मतं मिळवणारा सगळं नेतो, तिथे तिसऱ्या पक्षात राहणं म्हणजे आपलं मत वाया घालवणं. पक्षांतराचं एक कारण माणसात असतं, दुसरं नियमात.

१९८६ मध्ये दोन जागांच्या पॉइंट ग्रेनं एक जागा सोशल क्रेडिटच्या किम कॅम्पबेलना दिली आणि दुसरी एनडीपीच्या डार्लीन मार्झारी यांना. बंगल्यांचा आणि भाडेकरूंचा मतदारसंघ किती समसमान दुभंगलेला आहे, ते एका निकालात दिसलं.

एका मताचं वजन

१९८९ मध्ये न्यायालयात एक प्रश्न आला. प्रांतातल्या सगळ्यात मोठ्या मतदारसंघाची लोकसंख्या सगळ्यात लहान मतदारसंघाच्या सुमारे बारा पट होती. म्हणजे दूर उत्तरेतल्या अटलिनच्या मतदाराचं वजन सरे-न्यूटनमधल्या मतदाराच्या बारा पट. हे चालेल का? न्यायमूर्ती बेव्हर्ली मॅकलाखलिन यांनी निकाल दिला, की एवढी तफावत राज्यघटनेतल्या मताधिकाराशी जुळत नाही. नव्यानं सीमा आखल्या गेल्या आणि दोन आमदारांचे मतदारसंघही गेले. १९९१ पासून पॉइंट ग्रेला एकच आमदार.

१९९६ पासून तो आमदार होता गॉर्डन कॅम्पबेल. त्या वर्षी त्यांच्या लिबरल पक्षाला प्रांतात ४१.८ टक्के मतं आणि ३३ जागा मिळाल्या, एनडीपीला ३९.५ टक्के मतं आणि ३९ जागा. जास्त मतं मिळवून हरलेल्या कॅम्पबेल यांनी २००१ मध्ये ७९ पैकी ७७ जागा जिंकल्या, आणि तरीही नियम तपासण्याचं आश्वासन पाळलं. सामान्य नागरिकांची एक सभा चिठ्ठ्या काढून निवडली गेली. तिनं सुचवलेली प्रमाणशीर पद्धत २००५ च्या सार्वमतात ५७.७ टक्के लोकांनी आणि ७९ पैकी ७७ मतदारसंघांनी मान्य केली. पण अट ६० टक्क्यांची होती. प्रस्ताव पडला. २००९ आणि २०१८ च्या सार्वमतांत बदलाची बाजू आणखी मोठ्या फरकानं हरली.

कॅम्पबेल गेल्यावर २०११ मध्ये नव्या प्रीमियर क्रिस्टी क्लार्क इथून पोटनिवडणूक लढल्या आणि सहाशेहून कमी मतांनी जिंकल्या. समोर होते तरुण वकील डेव्हिड इबी. दोन वर्षांनी सगळे अंदाज चुकवत क्लार्क यांच्या पक्षानं ८५ पैकी ४९ जागा जिंकल्या, आणि पॉइंट ग्रेत त्या स्वतः इबींकडून हरल्या. प्रांत जिंकला, घर हरलं. विधिमंडळात यायला त्यांना केलोनाजवळची दुसरी जागा शोधावी लागली.

इबी २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये प्रीमियर झाले. २०२४ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला ९३ पैकी ४७ जागा मिळाल्या, बहुमताला नेमक्या लागतात तेवढ्या. त्यातली सरे-गिल्डफर्डची जागा फेरमोजणीनंतर २२ मतांच्या फरकानं आली. तिथल्या बारा जणांनी उलटं मत दिलं असतं, तर स्वबळावरचं बहुमत गेलं असतं.

एका मताला किती किंमत, या प्रश्नाचं उत्तर पॉइंट ग्रेमध्ये प्रत्येक पिढीत वेगळं आलं आहे. कधी तीन आमदारांना तीन मतं, कधी पसंतीचे आकडे, कधी बाराव्या हिश्शाचं वजन. विद्यापीठाच्या आवारात राहणाऱ्यांना आजही व्हँकुव्हरच्या महापौरासाठी मत देता येत नाही, कारण ते आवार शहराच्या हद्दीत नाही. भारतातून तिथे शिकायला गेलेल्यांना प्रांताच्या निवडणुकीतही मत नाही. त्यासाठी नागरिकत्व लागतं आणि प्रांतात सहा महिने वास्तव्य. हा नियम सगळ्या परदेशी विद्यार्थ्यांना सारखाच लागू आहे, आणि १९०७ च्या कायद्याशी त्याची बरोबरी करणं चूक ठरेल. तो कायदा वंश बघून नाव कापत होता.

पण त्या गिरणी कामगारांची आठवण ठेवून निकाल वाचायची सवय मात्र चांगली. कोण किती मतांनी जिंकलं हा पहिला प्रश्न झाला. मतं कोणत्या नियमानं मोजली आणि यादीत कोण नव्हतं, हे दोन प्रश्न त्याच्यानंतर विचारायचे असतात.